खाटेसाठी दहा लाख, गोळीसाठी काही नाही

प्रति,
मा. श्री. दामोदर राजनरसिंह,
आरोग्यमंत्री, तेलंगणा राज्य, हैदराबाद

महोदय,


या पत्राची तेलुगू प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. तेच मराठीत जाहीर छापायला दिलं, त्याला कारण आहे. विद्यानगर, नल्लाकुंटा, बरकतपुरा, काचीगुडा या पट्ट्यात मराठी घरं निजामाच्या काळापासून नांदताहेत. विवेक वर्धिनी शाळा 1907 सालची, यावरून अंदाज यावा. ही माणसं मराठी साहित्य परिषदेच्या कार्यक्रमाला भेटली की एकमेकांची शुगर विचारतात, गुडघ्याला कोणता सर्जन बरा ते सांगतात. पण घरातल्या मुलाला मानसिक आजारासाठी लिथियम चालू आहे, हे सख्ख्या चुलत्यालाही कळू देत नाहीत. जे सांगितलंच जात नाही त्याची तक्रारही होत नाही. आणि तक्रार नाही, म्हणून आपल्या खात्याच्या कागदावर सगळं सुरळीत दिसतं. तेव्हा हे पत्र आपण वाचावं, तसंच त्यांनीही वाचावं.

मी फार्मासिस्ट. विद्यानगरात माझं औषधांचं दुकान होतं. आता ते पुतण्या चालवतो आणि संध्याकाळी मी नुसता काउंटरवर बसतो. आमच्या भागात दवाखान्यांना तोटा नाही. नल्लाकुंट्याचं फीवर हॉस्पिटल आहे, त्याला जुनी माणसं अजून कोरंटी दवाखाना म्हणतात. दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं रुग्णालय आहे. पलीकडे गांधी आहे, किंग कोठी आहे. मधल्या गल्ल्यांत बस्ती दवाखाने आहेत. एवढं असूनही डोक्याच्या आजाराची चिठ्ठी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि चार गोळ्या कापून मागतात.

हे पट्टी कापणं मला चांगलं ठाऊक आहे. बीपीच्या चार गोळ्या मागणाऱ्याचा पगार चार दिवसांवर आलेला असतो. तो पुन्हा येतो. मानसिक आजाराच्या गोळ्यांचं तसं नसतं. तिथे सांगितलेल्या दोन गोळ्यांची एक होते, मग दिवसाआड एक होते, मग “आता बरं आहे ना, कशाला” म्हणून तीही जाते. पुढच्या खेपेला डॉक्टरांना रुग्ण बिघडलेला दिसतो, ते डोस वाढवून देतात. गोळी लागू पडली नाही असं त्यांना वाटतं. गोळी पोटात गेलीच नव्हती, हे फक्त रुग्णाच्या आईला आणि औषधवाल्याला माहीत असतं, आणि दोघंही डॉक्टरांच्या समोर नसतात.

अशी चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडे कार्ड असतं. चिठ्ठ्यांच्या पिशवीतच, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. राज्याच्या आरोग्यश्री योजनेचं असतं, केंद्राच्या आयुष्मान योजनेचं असतं, कुणाचं कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं. ते काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, यावर मिळेल का? खासगी दुकानात ते चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी विचारतात, कारण ज्या सरकारी खिडकीवर ते चालायला हवं तिथे त्यांनी दोन शब्द ऐकलेले असतात: “स्टॉक लेदु.” साठा नाही. आणि त्याला जोडून, “बयट कोनुक्कोंडि.” बाहेरून विकत घ्या.

महोदय, आरोग्यश्रीचा मला अभिमान आहे, हे आधी सांगतो. 2007 साली अखंड आंध्रात ती सुरू झाली तेव्हा हृदयाच्या ऑपरेशनसाठी जमीन विकायला निघालेली माणसं मी पाहिली होती. आपल्या सरकारने 9 डिसेंबर 2023 रोजी तिची मर्यादा दहा लाखांवर नेली, आपण स्वतः 2024 मध्ये यादीत 163 नवे उपचार घातले, दर वाढवले. हे थोडं काम नाही. पण ही योजना मुळात दाखल होणाऱ्या माणसासाठी बेतलेली आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यावर दहा दिवसांची औषधं मिळतात. आयुष्मान भारतमध्ये, ज्यात आपलं राज्य 2021 मध्ये सामील झालं, तेच पंधरा दिवस. मानसिक आजारांसाठी आयुष्मानच्या यादीत पॅकेजेस आहेत, तीही खाटेवर झोपण्यासाठी. ओपीडीची चिठ्ठी दोन्हीकडे बाहेर.

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेला माणूस आयुष्यातले किती दिवस खाटेवर असतो? नशीब बरं असेल आणि गोळी वेळेवर मिळत असेल तर वर्षानुवर्षं एकही नाही. हा आजार ओपीडीत जगतो. म्हणजे सोळाव्या दिवसापासून पुढचं सगळं आयुष्य त्या कार्डाच्या बाहेर पडतं. रुग्ण नीट राहिला तर कार्ड निरुपयोगी; तो कोसळला, त्याने दार लावून घेतलं, पोलिसांना बोलवावं लागलं, की मग ते कार्ड कामाला येतं. मोडेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत आणि मोडल्यावर दुरुस्तीला लाखो द्यायचे, असा हिशेब कुठलाही संसारी माणूस करणार नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना सांगितलं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्या. विमा नियामकाने 16 ऑगस्ट 2018 रोजी तसं परिपत्रक काढलं. म्हणजे समानता आली की! आली, पण कुठली? शारीरिक आजारालाही ओपीडीची औषधं मिळत नाहीत, मग मानसिक आजारालाही नाहीत. दोघांना सारखंच नाकारणं याला कागदावर समानता म्हणता येईल. अपेंडिक्स काढलेल्या माणसाला दहा दिवसांनी औषध लागत नाही. क्लोझापीन घेणाऱ्याला अकराव्या दिवशीही लागतं.

क्लोझापीनचंच उदाहरण घेतो, कारण ते कठोर आहे. इतर औषधांनी न आवरलेल्या स्किझोफ्रेनियावरचं हे औषध. सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, पांढऱ्या पेशी घटतात का ते पाहायला. आणि त्याचा एक नियम आहे: अठ्ठेचाळीस तासांहून जास्त खंड पडला तर जिथे होतो तिथून पुढे जाता येत नाही. पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीपासून, हळूहळू चढावं लागतं. शुक्रवारी खिडकीवर “सोमवारी या” असं सांगणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने ते तीन दिवस असतात. रुग्णाच्या दृष्टीने तीन महिन्यांची मेहनत धुऊन जाते.

लिथियमचं दुखणं वेगळं. ते स्वस्त आहे, जुनं आहे. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा उपयोग 1949 मध्ये मांडला. पण त्याचा उपयोग आणि त्याचं विष यांच्यातलं अंतर अगदी थोडं, म्हणून रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. आमच्या मे महिन्यात माणूस घामाने निथळला, पाणी कमी प्यायला, वरून कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक घेऊन गेला, तर पातळी चढू शकते. आणि भीतीने एकदम बंद केलं तर उन्माद उलटून येण्याचा धोका, आत्महत्येचा धोका. झोपेसाठी आणि घबराटीसाठी दिलेल्या क्लोनॅझेपामसारख्या गोळ्या बरेच दिवस घेऊन अचानक थांबवल्या तर फिटही येऊ शकते. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांवर न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका अभ्यासात औषध सोडणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट आढळला. तो 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ही माहिती काही नवी नाही. मी हे सगळं मांडतोय ते एवढ्यासाठी, की औषधांच्या गोदामात खोकल्याचं सिरप संपणं आणि लिथियम संपणं या एकाच रकान्यात नोंदवायच्या गोष्टी नाहीत.

पैशांचं म्हणाल, तर त्याचं उत्तर अमेरिकेने चांगलीच किंमत मोजून काढून ठेवलं आहे. तिथे गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याने खर्च वाचवायला नियम केला: महिन्याला तीन औषधांपेक्षा जास्तीचे पैसे सरकार देणार नाही. सुमेराय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं काय झालं ते तपासलं आणि 1994 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं. औषधं कमी झाली, आणि तातडीच्या मानसिक उपचारांचा, मानसिक आरोग्य केंद्रांत धाव घेण्याचा खर्च वाढला. किती? औषधांवर जेवढे वाचले त्याच्या सतरापट. तो नियम तर त्याआधीच मागे घेतला गेला होता. आपल्या वित्त विभागातल्या अधिकाऱ्यांनी हा एक आकडा भिंतीवर लावून ठेवावा, असं माझं नम्र मत आहे.

आता कायदा. संसदेने केलेला आणि 29 मे 2018 पासून देशभर लागू असलेला 2017 चा तोच कायदा औषधांबद्दल अगदी स्पष्ट बोलतो. सरकारने अत्यावश्यक औषधांची यादी जाहीर करायची, आणि त्या यादीतलं प्रत्येक औषध मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला समुदाय आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी ठिकाणी, सर्व काळ, मोफत द्यायचं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे कार्ड नसलं तरी उपचार मोफत, बेघरालाही मोफत. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या 2022 च्या यादीत लिथियम आहे, क्लोझापीन आहे, रिस्पेरिडोन, फ्लुओक्सेटीन, एसिटालोप्राम आहे. म्हणजे मी इथे नवं काही मागतच नाही. “स्टॉक लेदु” हे शब्द कायद्यात नाहीत.

पण कायद्याची एक फट आहे, आणि ती नेमकी आमच्यासारख्या शहरी वस्तीवर पडते. समुदाय आरोग्य केंद्र हे साधारण लाख-सव्वा लाख लोकांमागे एक, आणि मुळात खेड्यापाड्यांचा हिशेब. शहरात गरिबाच्या दाराशी जो आहे तो बस्ती दवाखाना, पाच-दहा हजार लोकांमागे एक, 2018 पासून. तो त्या पायरीच्या खाली आहे. त्यामुळे तिथे बीपी-शुगरची गोळी मिळते, पण डोक्याच्या आजाराची चिठ्ठी दाखवली की वर पाठवलं जातं. वर म्हणजे गांधी, नाहीतर उस्मानिया रुग्णालय, आणि बहुतेक वेळा एर्रागड्डा.

एर्रागड्ड्याच्या मानसिक आरोग्य संस्थेविषयी मला आदर आहे. तिथले डॉक्टर किती गर्दीत काम करतात, ते जाऊन पाहावं. औषधं तिथे फुकट मिळतात. पण विद्यानगरच्या घरकाम करणाऱ्या बाईसाठी एर्रागड्डा म्हणजे एक अख्खा दिवस. बस फुकट केलीत, 9 डिसेंबर 2023 लाच, त्याबद्दल ती आपल्याला दुवा देते. बुडालेल्या दिवसाची मजुरी मात्र कुणी देत नाही. दोघं जायचं, कारण रुग्णाला एकटं पाठवता येत नाही, म्हणजे दोन मजुऱ्या. शिवाय त्या नावाचा धसका. मराठीत जसं येरवडा किंवा ठाणे म्हटलं की माणसं हसतात, तसं हैदराबादेत एर्रागड्डा म्हटलं की हसतात. ज्याला सौम्य नैराश्य आहे तो तिथे जात नाही. आमच्या भागात उस्मानिया विद्यापीठामुळे वसतिगृहं भरलेली आहेत, स्पर्धा परीक्षांची पोरं आहेत. त्यांतलं एखादं सहा महिन्यांची एसिटालोप्रामची चिठ्ठी घेऊन येतं, आणि दुसऱ्या महिन्यानंतर दिसेनासं होतं. त्याला एर्रागड्ड्याची वाट दाखवणं म्हणजे काहीच न दाखवण्यासारखं.

इथे मराठवाड्याचा एक धागा आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. निजामाच्या राज्यातलं वेड्यांचं इस्पितळ आधी चंचलगुडा तुरुंगाला जोडलेलं होतं, पुढे ते जालन्याला गेलं, आणि स्वातंत्र्यानंतर, 1953 मध्ये, जालन्याहून एर्रागड्ड्याला आलं. तीन वर्षांनी राज्यं भाषेप्रमाणे वेगळी झाली. जालना आधी मुंबई राज्यात, पुढे महाराष्ट्रात गेलं, इस्पितळ आमच्याकडे राहिलं. महाराष्ट्रातली चारही जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला; मराठवाड्यात एकही नाही. म्हणून नांदेडचं, परभणीचं माणूस आजही रात्रीची गाडी धरून काचीगुड्याला उतरतं, पहाटे नातेवाइकाकडे अंघोळ करून रांगेला लागतं. त्याच्याकडे महाराष्ट्राचं रेशनकार्ड असतं. आरोग्यश्रीला ते चालत नाही. आयुष्मान कार्ड देशभर चालतं, पण ते खाटेपुरतं. परतताना तो माझ्याकडून महिन्याच्या गोळ्या घेतो, कारण गावी त्याच नावाची गोळी मिळेल याची त्याला खात्री नसते. हा प्रश्न एकट्या तेलंगणाचा नाही, हे मान्य. तरी दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकदा बसून बोलायला काय हरकत आहे? पुढाकार आपण घेतलात तर शोभून दिसेल. ते इस्पितळ आपल्याकडे आलं आहे.

ईएसआयची गोष्ट आणखी चीड आणणारी, कारण तिथे औषध मिळायला हवं याबद्दल वादच नाही. महिन्याला 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. बदल्यात त्याला आणि त्याच्या घरच्यांना ओपीडीसकट सगळे उपचार, खर्चाला मर्यादा नाही. इतकंच काय, दीर्घ आजारांच्या रजेच्या यादीत मनोविकारही आहेत, त्या रजेत पगाराच्या ऐंशी टक्के मिळतात. कागदावर देशातली सगळ्यात माणुसकीची योजना असेल तर ती हीच. आणि तरी ईएसआयची चिठ्ठी माझ्या काउंटरवर येते. एका कामगाराच्या बायकोने मला विचारलं होतं, आमचे पैसे कापलेत ना, मग आम्ही इथे पुन्हा का भरायचे? मला उत्तर सुचलं नाही. याच राज्याच्या ईएसआय औषध खरेदीत 2019 मध्ये कोट्यवधींच्या गैरव्यवहाराचा आरोप झाला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने संचालकांसह अनेकांना अटक केली, हे तिलाही टीव्हीवर दिसलं होतं. ते प्रकरण आपल्या आधीच्या काळातलं आहे. पण ईएसआयचे दवाखाने राज्य चालवतं, आणि खिडकी आजही आपल्याच सरकारची आहे.

जन्मभर औषध पुरवणं होत नाही, असं कुणी म्हणू नये. आपण करतो. एचआयव्हीच्या रुग्णाला 1 एप्रिल 2004 पासून देशात मोफत औषध मिळतं, महिन्याच्या महिन्याला, जन्मभर, आणि खंड पडू नये म्हणून त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभी आहे. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला आपलंच राज्य जन्मभराची औषधं देतं, आणि तीही लिथियमहून कितीतरी महाग. आरोग्यश्रीत सव्वाशे उपचारांसाठी वर्षभराचं फॉलोअप पॅकेज आहे; त्यात तपासणी, चाचण्या आणि औषधं सगळं येतं. म्हणजे “आरोग्यश्री घरी गेल्यावर औषध देत नाही” हे वाक्य मुळात खरंच नाही. ती देते. कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या यादीत मनाचा आजार मावला नाही, एवढंच. आणि तेलंगणात आरोग्यश्री ट्रस्ट चालवतो, विमा कंपनी नव्हे. तेव्हा करारात बसत नाही म्हणून कुणाकडे बोट दाखवायचीही सोय नाही. केंद्राची निरामय योजना पाहा. एक लाखापर्यंतचा विमा, त्यात ओपीडी आणि औषधं धरलेली. पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने मानसिक आजारालाही अपंगत्व मानलं, तरी या दारातून त्याला आत घेतलेलं नाही.

आता माझ्या धंद्याविषयी दोन शब्द, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. आम्ही औषधवालेही काही सोवळे नाही. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं एच वन अनुसूचीत आहेत. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षं ठेवावी लागते. नियम योग्य आहे. पण वही नको, निरीक्षक नको, म्हणून बरीच दुकानं ही औषधं ठेवतच नाहीत, आणि खऱ्या चिठ्ठीवालाही हात हलवत जातो. दुसरीकडे चिठ्ठीत एक कंपनी, हातात दुसरी, असं करणारे आम्हीच. जेनेरिक औषधाला माझा विरोध नाही, उलट जनऔषधीची दुकानं वाढावीत. परंतु संशयाच्या आजाराने पछाडलेल्या माणसाला पांढऱ्या गोळीऐवजी अचानक पिवळी गोळी दिली, तर ती विष आहे असं त्याला वाटू शकतं आणि तो थुंकून टाकतो. सरकारी पुरवठ्यात दर निविदेला कंपनी बदलते, गोळीचा रंग बदलतो. बदलू द्या, पण खिडकीवरच्या माणसाने रुग्णाला आणि घरच्यांना ते तोंडाने सांगायला हवं. याला पैसा लागत नाही.

तर मागणं काय? आरोग्यश्रीच्या फॉलोअप पॅकेजांत स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि तीव्र नैराश्य आणा, आणि त्यासाठी आधी खाटेवर पडण्याची अट ठेवू नका. अट ठेवलीत, तर केवळ गोळ्यांसाठी माणसं दाखल केली जातील आणि दावे फुगतील, हे मी आजच सांगून ठेवतो. मानसोपचारतज्ज्ञाने एकदा लिहिलेली चिठ्ठी बस्ती दवाखान्यात महिन्याच्या महिन्याला चालू राहू द्या. तिथल्या एमबीबीएस डॉक्टरला अडलं तर 14416 या क्रमांकावर फोनवरून मानसिक सल्ला देणारी टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहेच. ती डॉक्टरलाही वापरू द्या. लिथियमची पातळी आणि क्लोझापीनसाठी पांढऱ्या पेशी मोजण्याचं रक्त बस्तीतच काढून सरकारी टी-डायग्नोस्टिक्सच्या प्रयोगशाळेत जाऊ द्या. मात्र एक विनंती आहे: त्यासाठी “मानसिक रुग्णांचा वार” असा वेगळा दिवस ठरवू नका, वेगळी रांग लावू नका. शेजारीण पाहील म्हणून निम्मी माणसं येणार नाहीत. बीपीच्या गोळ्यांची जी खिडकी, जी पिशवी, तीच यांनाही.

वैद्यकीय सेवा महामंडळाच्या गोदामांत या मोजक्या औषधांसाठी एक किमान साठा ठरवावा, त्याखाली गेलं की खरेदी आपोआप सुरू व्हावी, आणि तेवढ्यात एखाद्या दवाखान्यात संपलंच तर स्थानिक खरेदीचा अधिकार तिथल्या डॉक्टरकडे असावा. माझ्यासारखे दुकानदार सरकारी दराने द्यायला तयार होतील. बिल मात्र वेळेवर मिटवा. 2025 मध्ये थकबाकीपायी खासगी रुग्णालयांनी आरोग्यश्रीची सेवा थांबवली होती, ते आम्हीही वाचलं आहे.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. अंदाजपत्रक, निविदा, फाइल, सगळं कळतं मला. पण एक गोष्ट आपण उद्या सकाळी एका परिपत्रकाने करू शकता. ज्या सरकारी खिडकीवर मानसिक आजाराचं लिहून दिलेलं औषध नसेल, तिथल्या माणसाने चिठ्ठीवर तसं लिहून द्यावं: कोणतं औषध नाही, कोणत्या तारखेला नव्हतं, आणि खाली सही. तोंडी “स्टॉक लेदु” बंद. अशा चिठ्ठ्यांची महिन्याची बेरीज आपल्या टेबलावर आली की कोणाला किती, कुठे आणि केव्हा नाकारलं गेलं ते आपल्याला दिसेल. आज ते कुणालाच दिसत नाही.

आणि विद्यानगरातल्या, काचीगुड्यातल्या माझ्या मराठी शेजाऱ्यांनो, परिपत्रक निघेपर्यंत थांबू नका. गोळी नाही म्हणाले तर तसं लिहून मागा. लिहून दिलं नाही तर तारीख आणि औषधाचं नाव आपणच चिठ्ठीच्या मागे लिहा, आणि तिची एक प्रत दुकानात आणून द्या. नाव खोडून दिलीत तरी चालेल. मी त्या सगळ्या प्रती मंत्रिमहोदयांकडे पाठवीन.

आपला,
विद्यानगरातील एक फार्मासिस्ट